जुन्या सिनेमाच्या कट्ट्यावर पहिल्यांदा बसताना: खान्देशातल्या नवख्यांसाठी

‘अरे ओ सांबा, कितने आदमी थे?’ असं वाक्य ‘शोले’त नाही. ‘कितने आदमी थे’ हा प्रश्न गब्बर हात हलवत परत आलेल्या तिघांना विचारतो आणि त्याचं उत्तर कालिया देतो. सांबाला हाक मारून तो विचारतो ते वेगळंच: सरकारने आपल्यावर इनाम किती ठेवलंय? त्यावर वरच्या खडकावरून ‘पूरे पचास हजार’ असं उत्तर येतं. एकाच प्रसंगातली दोन वाक्यं लोकांच्या तोंडी जुळली आणि आज पन्नास वर्षांनी जुळलेलंच वाक्य खरं वाटतं.

जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, भुसावळ, कुठेही चार जुने पिक्चरवाले जमले की अशी डझनभर वाक्यं, तारखा आणि किस्से ऐकू येतात. त्यात नव्याने बसणाऱ्याची पंचाईत अशी होते की खरं काय, ऐकीव काय आणि सांगणाऱ्याचं स्वतःचं मत काय, हे तिन्ही एकाच सुरात सांगितलं जातं. ते वेगळं करायला शिकलात की या गप्पांसारखा आनंद दुसरा नाही. त्यासाठी काय करायचं ते क्रमाने पुढे दिलं आहे.

पहिली पायरी: पिक्चर पाहण्याआधी प्रत तपासा

जुना चित्रपट घरी पाहताना आपण तो पूर्ण आणि आहे तसा पाहतोय असं गृहीत धरू नका. अर्धे वाद इथेच जन्मतात. एकाने पूर्ण प्रत पाहिलेली असते, दुसऱ्याने कापलेली.

सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. ते चार-पाच सेकंदच असतं, तिथे थांबवा. त्यावर रिळांची संख्या आणि लांबी असते, जुन्या प्रमाणपत्रांवर फुटांत, नंतरच्यांवर मीटरमध्ये. बोलपटाची ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी धावते, म्हणजे मिनिटाला ९० फूट, मीटरमध्ये साधारण २७.४. त्यामुळे फुटांना ९० ने भागा, मीटर असतील तर २७.४ ने, की मिनिटं हातात येतात. १३,५०० फूट लिहिलं असेल तर चित्रपट १५० मिनिटांचा. तुमच्या हातातली प्रत १२८ मिनिटांत संपत असेल तर कुठेतरी कात्री लागली आहे. बहुधा एखादं गाणं आणि विनोदी पात्रांचं उपकथानक गेलेलं असतं.

मात्र १५० च्या जागी १४४ मिनिटं भरली तर घाबरू नका. टीव्हीसाठी केलेल्या बऱ्याच जुन्या प्रती सेकंदाला २५ चौकटींनी चालतात. चित्रपट तेवढाच असतो, फक्त चार टक्के लवकर संपतो. याचा एक परिणाम गाण्यांवर होतो आणि तो फार कमी जणांच्या ध्यानात येतो. वेग वाढला की पट्टीही चढते, अर्ध्या सुराच्या पाऊण भागाइतकी. कट्ट्यावरचा एखादा पेटीवाला ‘हे गाणं काळी दोनमध्ये आहे’ म्हणतो, दुसरा पेटीवर लावून बघतो तर सूर दोन पट्ट्यांच्या मधेच लोंबकळतो. दोघांच्याही कानाचा दोष नाही, प्रत वेगाने चालते आहे. पट्टीचा वाद मिटवायचा तर चित्रपटाच्या प्रतीवरून मिटवू नका, मूळ तबकडीवरून नीट वेगात उतरवलेलं ध्वनिमुद्रण घ्या.

प्रमाणपत्रावरची तारीख ही प्रदर्शनाची तारीख नव्हे. ती प्रमाणपत्र दिल्याची तारीख आहे, आणि पुन्हा प्रमाणित केलेल्या प्रतीवर ती कितीतरी वर्षांनंतरची असू शकते. तिच्यावरून चित्रपटाचं वर्ष ठरवू नका.

मग चौकट बघा. पन्नाशीच्या दशकापर्यंतचे बहुतेक चित्रपट चौकोनी आकारात आहेत, रुंदीला चार तर उंचीला तीन. आजचे रुंद टीव्ही ते ताणतात, माणसं बुटकी आणि जाड दिसू लागतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आकार ४:३ करा, बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. उलट चूक ‘कागज के फूल’ची होते. १९५९ चा हा चित्रपट भारतातला पहिला सिनेमास्कोप, मुळात लांबरुंद. पण जुन्या टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीत दोन्ही बाजू उडालेल्या असतात. ती प्रत पाहून कुणी चौकटीच्या मांडणीवर बोलत असेल तर तो अर्ध्या चित्राबद्दल बोलतो आहे.

रंगवलेल्या प्रतींबद्दलही तेच. ‘मुगल-ए-आझम’ ५ ऑगस्ट १९६० ला आला तेव्हा त्यातला थोडाच भाग रंगीत होता, शीशमहालातलं गाणं धरून. पूर्ण रंगीत प्रत २००४ ची. छायाचित्रणावर मत द्यायचं तर १९६० ची प्रत पाहा.

दुसरी पायरी: वही

फुलस्केप दोनशे पानी वही घ्या, एका चित्रपटाला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर पडद्यावर दिसलेलं, म्हणजे श्रेयनामावली जशी आहे तशी: कंपनी, दिग्दर्शक, कथा, संवाद, गीतं, संगीत, छायालेखन, ध्वनी. नावाचं स्पेलिंग पडद्यावर आहे तसंच. उजव्या पानावर ऐकलेलं आणि वाटलेलं, पण दोन वेगळ्या शाईंत. ऐकलेलं निळ्यात, पुढे कुणाकडून ऐकलं ते. वाटलेलं काळ्यात. सहा महिन्यांनी वही उघडाल तेव्हा कोणतं वाक्य कुठून आलं हे शाईवरून कळेल. मोबाइलमध्ये लिहायला हरकत नाही, पण दोन प्रकार मिसळू देऊ नका.

नुसत्या इंटरनेटवरच्या यादीवरून वही भरू नका. तिथली चूक एकाकडून दुसऱ्याकडे उतरते आणि दहा ठिकाणी तेच दिसलं म्हणून आपल्याला ते दहा साक्षीदार वाटतात. साक्षीदार एकच असतो, बाकी नऊ त्याची नक्कल.

तिसरी पायरी: कोणता साक्षीदार कशासाठी

जुन्या सिनेमाची माहिती चार-पाच जागी सापडते आणि प्रत्येक जागेची स्वतःची खोड आहे. ती ओळखली की काम सोपं.

श्रेयनामावली सगळ्यांत भरवशाची, पण तिथे नसलेलं नाव म्हणजे माणूस नव्हताच असं होत नाही. जुन्या चित्रपटांत कितीतरी पार्श्वगायक आणि साहाय्यकांची नावं पडद्यावर आलीच नाहीत.

गाण्यांची पुस्तिका, म्हणजे थिएटरबाहेर विकायची ती छोटी चोपडी. तिच्यात पात्रपरिचय, थोडक्यात कथा आणि सगळी गाणी असायची. चोरबाजारात, रद्दीत, जुन्या घरांच्या माळ्यावर अजून सापडतात. तिची खोड अशी की ती प्रदर्शनाआधी छापली जायची. शेवटच्या क्षणी कापलेलं गाणं पुस्तिकेत राहायचं. ‘पुस्तिकेत आहे म्हणजे चित्रपटात होतं’ हा तर्क चालत नाही.

तबकडी. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपासच गाणं मावायचं. चित्रपटात गाणं लांब असेल तर तबकडीत एखादं कडवं गळायचं. म्हणून कुणी ‘या गाण्याला आणखी एक कडवं आहे’ म्हणालं तर लगेच खोटं ठरवू नका, पडद्यावर ऐकून पाहा. लेबलवरचं नावही जपून वाचा. ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या सुरुवातीच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. कामिनी हे मधुबालाच्या पात्राचं नाव. गाणं लता मंगेशकरांचं. तेव्हा पात्राचं नाव छापण्याची रीतच होती. लेबल हातात धरून ‘गायिका कामिनी’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला फक्त ती रीत माहीत नसते.

वर्तमानपत्रातली जाहिरात प्रदर्शनाच्या तारखेसाठी उत्तम, पण कोणत्या गावची जाहिरात आहे ते आधी बघा. मुंबईत लागलेला पिक्चर आपल्याकडे यायला कित्येक आठवडे, कधी महिने जायचे. जळगावच्या व. वा. वाचनालयात किंवा धुळ्याच्या गरुड वाचनालयात जाऊन जुने बांधीव अंक विचारा. जाताना नेमका महिना घेऊन जा, ‘साठच्या सुमारास’ असं सांगितलं तर कुणीच मदत करू शकत नाही.

हिंदी गाण्यांसाठी हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ हाताशी असावा. एकेका दशकाचा एकेक खंड, चित्रपटाच्या वर्षानुसार गाणी, गायक, तबकडी क्रमांक. कट्ट्यात एकाकडे जरी खंड असला तरी तासभराची भांडणं पाच मिनिटांत आटपतात.

राहिले आत्मचरित्र आणि मुलाखती. यांतून मिळणारे किस्से सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत निसरडे. पुण्यात प्रभातमध्ये असताना धोब्याने शर्ट बदलले आणि त्यातून देव आनंद-गुरुदत्तची मैत्री झाली, हा किस्सा देव आनंदने स्वतः सांगितलेला. तो सांगताना ‘देव आनंद सांगायचे की’ एवढे चार शब्द पुढे लावा, म्हणजे कुणी हरकत घेऊ शकणार नाही.

काही गोष्टींना साक्षीदार असूच शकत नाही, त्या ओळखायला शिका. ‘मदर इंडिया’ ऑस्करला एका मताने हरला, हे प्रत्येक कट्ट्यावर ऐकाल. १९५७ चा हा चित्रपट नामांकनापर्यंत पोचला आणि बक्षीस फेलिनीच्या चित्रपटाला गेलं, इथपर्यंत पक्कं. पण ऑस्कर देणारी संस्था मतांचे आकडे जाहीर करतच नाही. मग ते एक मत मोजलं कुणी? असा आकडा कानावर आला की तो मोजणारा कोण असू शकेल, हा प्रश्न आधी विचारा.

चौथी पायरी: ‘पहिला’ हा शब्द सोलून घ्या

सगळ्यांत जास्त आवाज चढतात ते ‘पहिला’वरून. इथे माहिती कमी पडत नाही, प्रश्न सैल असतो.

पहिला भारतीय चित्रपट कोणता? शासन आणि बहुतेक अभ्यासक ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणतात, दादासाहेब फाळके, ३ मे १९१३, गिरगावातलं कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ. पण त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता. तोरण्यांच्या बाजूचे तारीख दाखवतात. फाळक्यांच्या बाजूचे म्हणतात की ते नाटकाचंच चित्रण होतं, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्म धुतली गेली लंडनला. आता बघा, दोन्ही बाजूंची माहिती एकच आहे! भांडण आहे ते ‘चित्रपट’ कशाला म्हणायचं आणि ‘भारतीय’ कशाला, यावर. प्रश्न ‘भारतीयाने भारतातच पूर्ण केलेला पहिला कथापट’ असा विचारला की वादाला जागा उरत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’बद्दल आणखी दोन जोड्या लक्षात ठेवा. २१ एप्रिल १९१३ आणि ३ मे १९१३ या दोन्ही तारखा बरोबर आहेत, पहिली निमंत्रितांच्या खेळाची, दुसरी जनतेच्या. आणि लांबी. कुणी चाळीस मिनिटं सांगतं, कुणी तासभर. फिल्म चार रिळांची, ३,७०० फुटांची. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. मूकपटाचा वेग सेकंदाला १६ चौकटी धरला तर एक फूट म्हणजे एक सेकंद, म्हणजे ६२ मिनिटं. तीच फिल्म बोलपटाच्या २४ च्या वेगाने चालवली तर ४१. मूकपट पाहताना माणसं तुरुतुरु पळताना दिसतात ती याच कारणाने. त्या काळचे नट तसे चालत नव्हते. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात या चित्रपटाची पहिली आणि शेवटची रिळं आहेत, आणि ती १९१३ ची की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणून ‘मी राजा हरिश्चंद्र पाहिला’ म्हणताना ‘उरलेला भाग पाहिला’ म्हणा.

‘आलम आरा’ (१४ मार्च १९३१, मुंबईचं मॅजेस्टिक) हा पहिला भारतीय बोलपट, यात वाद नाही. पण त्याची एकही प्रत उरलेली नाही. यूट्यूबवर कुणी पाहिला असेल तर तो त्याच नावाचा नंतरचा कुठला तरी.

लताबाईंचं पहिलं गाणं विचारलं तर निदान तीन बरोबर उत्तरं येतात. ध्वनिमुद्रित झालेलं पहिलं गाणं ‘किती हसाल’साठी, १९४२, पण ते चित्रपटातून गाळलं गेलं. लोकांनी पडद्यावर प्रथम ऐकलं ते त्याच वर्षीच्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये, जिथे त्यांनी कामही केलं. आणि पहिलं हिंदी गाणं १९४३ च्या ‘गजाभाऊ’मध्ये, जो मराठी चित्रपट होता. ध्वनिमुद्रित, प्रदर्शित की हिंदी, एवढा एक शब्द प्रश्नात घातला की तिघांपैकी एकच उरतो.

ज्युबिलीचंही असंच. २५ आठवडे रौप्य, ५० सुवर्ण. पण एकाच थिएटरात सलग की वेगवेगळ्या थिएटरांची बेरीज? रोज तीन खेळ की फक्त मॅटिनी? ‘सांगत्ये ऐका’चे १३१ आठवडे सांगितले जातात ते पुण्याच्या विजयानंदमधले. एक गाव, एक थिएटर, असा आकडा विश्वासाचा.

पाचवी पायरी: गावाच्या अभिमानाला धक्का न लावता दुरुस्ती

इथे जरा थांबून वाचा, कारण खान्देशातल्या कट्ट्यावर हा प्रसंग हमखास येतो.

तापीकाठचं थाळनेर हे लताबाईंचं आजोळ. दीनानाथांच्या पत्नी, लताबाईंच्या आई, थाळनेरच्या लाड घराण्यातल्या. आजीकडून ऐकलेल्या गरब्यांची आठवण लताबाईंच्या बोलण्यात येई. ही आपल्यासाठी मोठीच गोष्ट. पण ती ताणली जाते आणि कुणीतरी म्हणतं, ‘लताचा जन्म थाळनेरचा.’ जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचं काम त्यांच्याकडे होतं. म्हणून ‘श्यामची आई’ अमळनेरात लिहिली असं सांगितलं जातं. पुस्तक लिहिलं गेलं १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, आणि त्यातलं गाव आहे कोकणातलं पालगड. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं ते १९५४ मध्ये. दोन्ही वर्षं बरोबर, कोणतं कशाचं ते सांगा.

तिसरं उदाहरण बहिणाबाईंचं. ‘अरे संसार संसार’ १९६१ च्या ‘मानिनी’त आहे, आणि ‘बहिणाबाईंनी पिक्चरसाठी गाणं लिहिलं’ असं बिनदिक्कत म्हटलं जातं. आसोद्याच्या लेकीने, जळगावच्या सुनेने ही ओवी जात्यावर आणि शेतात रचली. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये गाण्यांचं पुस्तक निघालं, आणि चित्रपट त्यानंतर नऊ वर्षांनी. चित्रपटाने त्यांचं गाणं घेतलं, त्यांनी चित्रपटाला दिलं नाही. नीट पाहिलं तर खरी गोष्ट ताणलेल्या गोष्टीपेक्षा मोठी आहे.

दुरुस्ती करताना ‘नाही हो, चुकलं’ अशी सुरुवात करू नका. आधी खरा भाग मान्य करा, ‘थाळनेर आजोळ आहेच, आबा’, मग जन्मगाव सांगा. माणूस ऐकतो.

याच्या उलटही एक चूक होते. ‘संत तुकाराम’मधलं ‘आधी बीज एकले’ हे तुकोबांचाच अभंग म्हणून भजनीमंडळांत गायलं जातं. ते शांताराम आठवल्यांनी १९३६ मध्ये त्या चित्रपटासाठी लिहिलेलं गीत आहे. गाथेत शोधू नका, मिळणार नाही.

सहावी पायरी: जुन्या प्रेक्षकाला विचारायचं कसं

पंच्याहत्तरी पार केलेला माणूस ‘मी सोता देखेल शे’ म्हणतो तेव्हा तो कशाचा साक्षीदार आहे हे ठरवून घ्या. मुंबईच्या स्टुडिओत काय झालं याचा तो साक्षीदार नाही. ते त्यानेही वाचलेलंच आहे. पण पाचोऱ्याला किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतल्या तंबूत प्रेक्षकांनी काय पाहिलं, कुठल्या गाण्याला पैसे उधळले, कुठे रडले, हे त्याच्याखेरीज जगात कुणाला सांगता येणार नाही. ही माहिती कोणत्याही कोशात नाही आणि ती माणसांबरोबर जाते आहे. नव्या माणसाने कट्ट्याला देण्याजोगी एकच गोष्ट असेल तर ती हीच, नीट लिहून घेतलेली आठवण.

विचारताना ‘कोणत्या साली?’ असं विचारू नका. साल कुणाला आठवत नाही आणि विचारलं की माणूस अंदाजाने सांगतो, मग तोच अंदाज पक्का होऊन बसतो. खुंट्या विचारा. तुम्ही कितवीत होता? लग्न झालं होतं का? बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? कापूस विकून गेला होतात की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला)? बायकांना विचारताना आखाजी फार उपयोगी पडते, कारण माहेरी आलेल्या लेकी मिळून पिक्चरला जात, आणि कोणत्या वर्षीच्या आखाजीला कोण बाळंत होती हे त्यांना पक्कं आठवतं. दोन खुंट्या मिळाल्या की साल एक-दोन वर्षांच्या फरकाने सापडतं.

पिक्चरचं नाव मिळालं तरी नट विचारा. ‘देवदास पाहिला’ म्हणजे सैगलचा १९३५ चा की दिलीपकुमारचा १९५५ चा? सैगलचा पिक्चर वीस वर्षांनी यात्रेत पुन्हा लागलेला असू शकतो, म्हणून नट कळला तरी प्रदर्शनाच्या वर्षावरून पाहिल्याचं वर्ष ठरवायचं नाही.

आणि काही विचित्र वाटणाऱ्या आठवणी खऱ्या असतात. ‘त्या पिक्चरला पाच-सहा इंटरव्हल होते’ असं कुणी म्हणालं तर हसू नका. फिरत्या टॉकीजकडे बहुधा एकच प्रोजेक्टर असे. एक रीळ संपलं की दिवा लावून दुसरं चढवायचं, तेवढा वेळ खेळ थांबायचा. ‘शेवटी हिरोईन मेल्याचं दाखवलंच नाही’ हेही शक्य आहे. यात्रेपर्यंत पोचलेली प्रत डझनभर गावं फिरून, तुटून, सांधून आलेली असायची. सांध्यात काही सेकंद आणि कधी अख्खा प्रसंग जायचा. वहीत निळ्या शाईने तसंच लिहा, गाव आणि तंबूचं मैदान यांच्यासकट.

एका बैठकीला पाऊण तास पुरे. मोबाइलवर आवाज मुद्रित करायचा तर आधी विचारा, आणि पंखा बंद करा. पंख्याचा घरघराट मुद्रणात शब्द खातो, आणि अहिराणीतले शेवटचे अक्षर हलके असतात, ते आधी जातात.

सातवी पायरी: मत मांडणं

माहितीला साक्षीदार लागतो, मताला प्रसंग लागतो. ‘दिलीपकुमार मोठा की राज कपूर’ हा प्रश्न आयुष्यभर चालेल आणि त्यातून काही हाती लागणार नाही, कारण तो फार मोठा आहे. तो लहान करा. एका चित्रपटातला एक प्रसंग घ्या आणि त्यात नट काय करतो ते बोला.

‘पागनीसांनी तुकाराम जिवंत केला’ हे वाक्य सगळे म्हणतात आणि त्यातून नवं काही कळत नाही. त्याऐवजी असं म्हणून पाहा: ‘संत तुकाराम’ उभा आहे तो गौरीबाईंच्या जिजाईवर. तुकोबा देवाशी गोड बोलतात, पण हातात वहाण घेऊन देवळात शिरणारी आणि विठोबाला जाब विचारणारी जिजाई आहे म्हणून ती भक्ती घरातली वाटते, चूल आणि उपासमार तिच्या शेजारी असते. हे मत आहे, त्याला विरोध करता येतो, पण विरोध करणाऱ्यालाही आता प्रसंग दाखवावा लागेल. आमच्या मते हेच मत बरोबर आहे.

‘कागज के फूल’मधलं ‘वक्त ने किया’ पाहा. रिकामा स्टुडिओ, वरून उतरलेला एकच प्रकाशाचा झोत, त्यात तरंगणारी धूळ, आणि दोन माणसं जी जागची हलत नाहीत. व्ही. के. मूर्तींनी तो झोत आरशांनी ऊन परावर्तित करून आणला. हे माहीत झाल्यावर गाणं पुन्हा पाहा, झोताची कड किती धारदार आहे ते दिसेल; स्टुडिओतल्या दिव्याने ती तशी येत नाही. माहिती आणि मत असे एकमेकांना लागून आले की चर्चेला खरी रंगत येते.

रफी-किशोरवर पक्ष घ्यायची घाई करू नका. दोघांनी एकाच संगीतकाराकडे, एकाच चित्रपटात गायलेली गाणी शेजारी ठेवून ऐका, मग बोला. आणि ‘आजकाल असं काही होत नाही’ हे वाक्य टाळा. ते खरं असो की खोटं, त्याने समोरच्या जुन्या चित्रपटाबद्दल काहीच कळत नाही.

आठवी पायरी: प्रश्नमंजूषेची संध्याकाळ

दोन-चार महिने ऐकून झालं की एक संध्याकाळ स्वतः घ्या. चार-चार जणांचे चार गट, वीस प्रश्न, उत्तराला तीस सेकंद. वीसपेक्षा जास्त घेतलेत तर शेवटचे पाच कुणी ऐकत नाही. आठ प्रश्न तोंडी, पाच चित्रं, सात गाण्यांचे तुकडे हे प्रमाण चांगलं चालतं.

गाण्याचा तुकडा मुखड्याचा घेऊ नका, मुखडा सगळ्यांना येतो. दोन कडव्यांमधल्या वाद्यांचा सात ते दहा सेकंदांचा तुकडा घ्या. पाच सेकंदांपेक्षा छोटा असेल तर तालच कळत नाही, बारा सेकंदांच्या पुढे गेलात तर गायक येऊन उत्तर फुटतं.

प्रश्न लिहून झाला की एकदा उलट वाचा आणि दुसरं बरोबर उत्तर शक्य आहे का ते शोधा. ‘कपूर घराण्याच्या तीन पिढ्या कोणत्या चित्रपटात?’ याला एकाहून जास्त उत्तरं येऊ शकतात. ‘आवारामधल्या खटला ऐकणाऱ्या न्यायाधीशाच्या भूमिकेत राज कपूरचा कोण नातेवाईक आहे?’ याला एकच: आजोबा, दिवाण बशेश्वरनाथ. प्रत्येक उत्तराखाली साक्षीदार लिहून ठेवा. हरकत आली तर पाच मिनिटांत दाखवता आलं पाहिजे, नाही दाखवता आलं तर प्रश्न रद्द आणि गुण कुणालाच नाही. हा नियम सुरुवातीलाच सांगा.

चित्रपटाचे भाग दाखवायचे असतील तर घरात, ओळखीच्या माणसांत दाखवा. सार्वजनिक खेळ करायचा झाला तर हक्कांचं आधी बघावं लागतं. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, पण गीत आणि कथा लिहिणाऱ्यांचा हक्क वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पिक्चर जुना झाला म्हणजे सगळंच मोकळं झालं असं नाही.

उन्हाळ्यात गच्चीवर बसणार असाल तर पावणेआठच्या आधी प्रोजेक्टर लावू नका. मे महिन्यात जळगावला सूर्य सातला मावळतो आणि संधिप्रकाशात काळे भाग राखाडी दिसतात. कृष्णधवल चित्रपट तिथेच मरतो. सात फुटी पांढरी चादर पुरते, पण ती चारही कोपऱ्यांनी ताणून बांधा, वाऱ्याने हलली की डोळे दुखतात. स्पीकर पडद्याच्या शेजारी ठेवा, प्रोजेक्टरजवळ नव्हे, नाहीतर संवाद पाठीमागून येतात. वीज जाईल हे धरूनच चाला. दिव्याचा प्रोजेक्टर असेल आणि वीज गेली तर परत आल्याबरोबर चालू करू नका, दिवा तापलेला असतो, दहा मिनिटं निवू द्या, नाहीतर तो फुटतो. तेवढ्या वेळात तोंडी प्रश्न उरकून घ्या. ते आठ प्रश्न त्यासाठी वेगळे काढून ठेवलेले बरे.

रद्द झालेले प्रश्न फेकू नका. वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहा आणि पुढच्या बैठकीच्या आधी एकेकाला वाटून द्या: एकाने वाचनालयातला अंक पाहायचा, एकाने गीत कोश, एकाने चाळीसगावच्या एखाद्या जुन्या प्रेक्षकाकडे जाऊन यायचं.